बारा येतात, पाच निघत नाहीत

पुन्ता अरेनासचा वारा आज पत्र्याच्या दाराला
खांदा लावून उभा होता, तेव्हा येर्को आला,
मेव्हण्याच्या ट्रकला दोर बांधून
गाडी ओढत.
एक्क्याण्णवची गॅलंट. दारांवर गंजाची बेटं.

शुक्रवारी सामुद्रधुनी ओलांडायची आहे त्याला,
पोर्वेनीरकडे मेंढ्यांची कातरणी सुरू होतेय,
कातरायची यंत्रं डिकीत भरून तयार.
आधी तिघांनी बघितली म्हणे.
एकाने पंप बदलला, एकाने प्लग आणि कॉइल,
तिसऱ्याने नुसती मान हलवली आणि पैसे घेतले.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.

"इंजिनचा दिवा लागतो का रे?"
"एकदाही नाही, दोन्या एदेल्मिरा!" तो खुशीत म्हणाला,
"तेवढं एक तरी धड आहे."

मी किल्ली फिरवली.
तेलाचा लागला. बॅटरीचा लागला. हँडब्रेकचाही.
इंजिनचा नाही.
अरे बाबा, किल्ली फिरली की तो लागायला हवा,
लागून मग विझायला हवा.
जो लागलाच नाही
त्याला विझलेला कसं म्हणायचं?

मीटर काढला.
कॉम्प्युटरपर्यंत बारा व्होल्ट येतात, चोख.
अर्थिंग घट्ट आहे.
तिथून थ्रॉटलच्या सेन्सरला पाच जायला हवेत,
काटा जागचा हलत नाही.
बारा येतात, पाच निघत नाहीत.
मधे कुणीतरी खातंय.

रेडिओखालचे चार स्क्रू; एकाची खाच गेलेली,
त्याने माझा अर्धा तास घेतला आणि एक शिवी.
मागे सापडलं: फेरीचं जुनं तिकीट,
कुणाची तरी केसांची पिन,
आणि ॲल्युमिनियमची डबी, पावाच्या लादीएवढी.

झाकण उघडलं.
मासळीचा वास.
येर्को दोन पावलं मागे: "आत काय मेलंय?"

मी मात्र पुढे वाकले.
एकोणीस वर्षं खेकड्यांच्या कारखान्यात कवचं फोडली मी,
बसमध्ये शेजारची सीट रिकामीच राहायची.
संध्याकाळी दोन बाल्दोमेरोच्या दुकानात
मच्छीमार बोटींचे वायरलेस उघडून बसायचे,
तिथे शिकले:
कपॅसिटर म्हातारा झाला की
बुडाशी पाझरतो, आणि असाच वास येतो.
ज्या वासापासून पळत आले
तोच आता पोट भरतो.

तीन होते. तिन्ही पाझरलेले.
सर्वांत छोट्याच्या खाली तांब्याची रेघ
हिरवी पडून, मधेच, केसभर, तुटलेली.
व्हिनेगर, जुना टूथब्रश, मग स्पिरिट.
नवे तीन बसवले, जास्त उष्णता सोसणारे,
उण्याला उणं, अधिकाला अधिक, दोनदा बघून.
तुटलेल्या रेघेवर वायरमधला एकच तंतू
श्वास धरून आडवा टाकला.
चष्म्यावर वाफ. कथलाचा इवला थेंब चमकला
आणि निवला.

किल्ली.
दिवा लागला! पिवळा, जरासा धुळकट.
एक, दोन, तीन, चार, पाच,
विझला.
मागच्या सीटखाली पंप गुणगुणला,
तो बिचारा नवाकोरा, उगाच बदललेला.
दुसऱ्या झटक्याला इंजिन खोकलं, थरथरलं, चालू झालं.

येर्को कोपऱ्यापर्यंत जाऊन घाबरा परत आला:
"दोन्या, आता तो दिवा लागायला लागलाय!"

पैसे मार्चमध्ये. अर्धं कोकरू, जमलं तर लोकर.
वहीत लिहून ठेवलं.

रात्री लिंबाने हात घासले. वास जात नाही लगेच.
पोर्वेनीरला सेगुंदोला फोन लावला,
माझा धाकटा भाऊ, दोन वर्षं एकटा.
सगळं ठीक, म्हणाला.
दर रविवारी तेवढंच म्हणतो.
मी रिसीव्हर थोडा वेळ कानाशी तसाच धरला.

मग येर्कोला विचारलं,
शुक्रवारी, यंत्रांच्या खोक्यांमधून,
एका माणसाची जागा होईल का.